डोकं शांत करायला येड्या बकरीचे-बदकाचे गेम खेळणारं इथे कोणी आहे का? जुन्या लॅपटॉपवर चालतील असे सुचवा

खाडीपलीकडची

नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यात खाडीकाठी आमचं मेडिकल आहे. सकाळी शटर वर गेल्यापासून रात्री खाली येईपर्यंत डोक्यात एक्सपायरीच्या तारखा, उधारीची वही, संपलेला स्टॉक आणि "ताई हीच गोळी पण स्वस्तातली द्या" एवढंच चालू असतं. आणि आता पावसाळा, म्हणजे ताप, खोकला, विंचवाची भीती, शेतात उतरलेल्या माणसांना लेप्टोच्या तापाची भीती, सगळं एकदम सुरू होतं. घरी आल्यावर अंग टेकतं पण डोकं टेकत नाही. टीव्ही लावला तर सिरीयलीत भांडणं, मोबाईल घेतला तर बातम्या, पुस्तक घेतलं तर चार ओळींनंतर परत हिशोब.

मे महिन्यात डोंबिवलीचा भाचा आंबे खायला आलेला, त्याने जाताना माझ्या लॅपटॉपवर गोट सिम्युलेटर टाकून दिला, मामी तू हे खेळून तर बघ म्हणाला. खेळायचं म्हणजे काय तर आपण बकरी, एका गावात मोकळी सोडलेली, कुंपणाला डोकं मार, माणसांना ढुशी मार, ट्रॅम्पोलिनवर उड्या मार, पेट्रोल पंप उडव, जिभेने काहीही चिकटवून फरफटत ने. मरत नाही, हरत नाही, काही बिघडत नाही. जेवणं आवरल्यावर थोडा वेळ हे खेळलं की मला खरंच बरं वाटतं, खांदे खाली येतात, झोप चांगली लागते. सासूबाई बाजूला बसून बघतात. त्यांनी आयुष्यभर शेळ्या पाळल्यात, आपल्या सिंधुदुर्गाकडची कोकण कन्याळ जात असते ना काळी, तोंडावर पांढरे पट्टे असलेली, तसल्या. तर ही बकरी छपरावरून घरंगळत खाली आली की त्या पोट धरून हसतात आणि सांगतात, "शेळी अशी पडत नाय गो कधी, दगडार चार खूर ठेवायला जागा असली तरी उभी ऱ्हाते."

तर विचारायचं असं की ह्याच्यासारखे दुसरे गेम कोणते? लॅपटॉप जुना आहे, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. घड्याळ लावून पळायला लावणारे नकोत, मारामारी नको. दोघींना मिळून खेळता आला तर सोन्याहून पिवळं. आणि पावसात इकडे लाईट कधी जाईल सांगता येत नाही, नेटचं तर विचारूच नका, तेव्हा नेट नसताना चालला पाहिजे.

अजून एक, हे पडणं-धडपडणं बघून डोकं का शांत होतं हे कोणाला माहीत असेल तर तेही सांगा. घरात एकदोघांचं म्हणणं आहे की एवढ्या मोठ्या बाईने हे काय खेळायचं.

चिपळूणचा_हार्डवेअरवाला

ताई, मी कॉम्प्युटर दुरुस्ती करतो आणि हे गेम मनापासून खेळतो, म्हणून जरा मोठं लिहितोय.

गोट सिम्युलेटर आला २०१४ च्या १ एप्रिलला. स्वीडनमध्ये शोव्दे नावाचं लहानसं शहर आहे तिथली कॉफी स्टेन स्टुडिओज ही कंपनी. त्यांच्यात आपापसात गंमत म्हणून थोड्या दिवसांत काहीतरी बनवून बघायचं असं चाललेलं, त्यात ही बकरी जन्माला आली, व्हिडिओ बाहेर टाकला तर लोकांनी डोक्यावर घेतलं, मग विकायला काढला. आणि त्यांनी एक फार चांगला निर्णय घेतला की गेम बंद पाडणारे बग, म्हणजे प्रोग्रॅममधल्या चुका, तेवढे काढायचे, बाकीचे मजेशीर बग तसेच ठेवायचे. म्हणून त्या बकरीची मान कधी हातभर लांब होते, कधी ती भिंतीत अडकून थरथरते.

आता ते पडणं कसं चालतं. साध्या गेममध्ये चालणं, उडी, पडणं हे सगळं ॲनिमेटरने आधीच बनवून ठेवलेलं असतं, त्यामुळे शंभर वेळा पडलात तर शंभर वेळा तसंच पडणार. इथे रॅगडॉल असतं. म्हणजे शरीराचे तुकडे, डोकं, मान, धड, पाय, हे वेगवेगळे घट्ट ठोकळे धरायचे आणि त्यांना सांध्यांनी जोडायचं, कुठला सांधा किती वाकणार ह्याला मर्यादा घालायची. तुम्ही पिंगुळीच्या ठाकर लोकांच्या कळसूत्री बाहुल्या बघितल्या असतील कुडाळकडे, दोऱ्या हातात आहेत तोवर बाहुली डौलात नाचते आणि दोऱ्या सैल सोडल्या की जिथे असेल तिथे ढेर होते, तसंच. रॅगडॉल चालू झालं की ॲनिमेशनच्या दोऱ्या सुटतात आणि गुरुत्वाकर्षण, घर्षण, टक्कर ह्यांचा हिशोब कॉम्प्युटर दर सेकंदाला कितीतरी वेळा करून शरीर कुठे जाईल ते ठरवतो. हा हिशोब अंदाजाचा असतो, वेळ कमी असतो म्हणून, त्यामुळे दोन ठोकळे एकमेकांत घुसले की तो त्यांना जोरात बाहेर ढकलतो आणि बकरी आकाशात जाते. म्हणून दरवेळी नवीन काहीतरी दिसतं, पुढे काय होणार हे बनवणाऱ्यालाही माहीत नसतं.

शांत का वाटतं ह्यावर माझं मत सांगतो. दुकानात तुमच्या हातून एक चुकीची पट्टी गेली तर केवढं होईल, दिवसभर ते वजन असतं डोक्यावर. इथे चूक नावाची गोष्टच नाही. बकरी पडली तर तोच तर गेम आहे. दिवसभर सांभाळून वागणाऱ्या माणसाला अर्धा तास सांभाळायचं नाही एवढंच हवं असतं, आणि ते द्यायला ह्या गेमइतकं साधं साधन मला तरी दुसरं सापडलेलं नाही.

कामाचं सांगतो. गोट सिम्युलेटर अनरियल ३ ह्या गेम बनवायच्या जुन्या सॉफ्टवेअरवर बनवलाय म्हणून तुमच्याकडे चालतो. सेटिंगमध्ये जाऊन रेझोल्यूशन १२८० बाय ७२० करा, सावल्या बंद करा, एकदम हलका होईल. चार्जर लावूनच खेळा, बॅटरीवर लॅपटॉप स्वतःच ताकद कमी करतो. मांडीवर किंवा गादीवर ठेवू नका, खालून हवा जायला जागा पाहिजे. आणि पावसाळ्यात महिनाभर बंद ठेवू नका, दमटपणाने आत गंज धरतो, रोज तासभर चालू राहिलेला लॅपटॉप इथे जास्त टिकतो हे मी दुकानात बघतो. गोट सिम्युलेटर ३ बघून मोहात पडू नका, तो २०२२ चा, त्याला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतंच. २ नंबरचा शोधत बसू नका, त्यांनी काढलाच नाही, १ वरून थेट ३.

तुमच्याकडे आहे त्याच गेममध्ये स्क्रीनचे भाग करून दोघांना खेळता येतं. सासूबाईंना एक बकरी देऊन बघा.

नेटचं म्हणाल तर स्टीमवर, म्हणजे गेम विकणाऱ्या ऑनलाईन दुकानातून, घेतलेला गेम एकदा नेटवर पूर्ण उतरवून एकदा उघडून बघायचा, मग स्टीमच्या मेनूत ऑफलाईन जायचा पर्याय आहे, तो लावला की नेट नसलं तरी चालतो. आणि घेतलेला गेम लॅपटॉपवर नीट चालला नाही तर चौदा दिवसांच्या आत, दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर, पैसे परत मिळतात. जुन्या लॅपटॉपवाल्यांनी ह्याचा बिनधास्त उपयोग करावा.

दापोलीची_सुरंगी

मेडिकलवाल्या ताई, तुमच्यासाठी गेम एकच, अनटायटल्ड गूज गेम. डोळे झाकून घ्या.

ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या हाऊस हाऊस नावाच्या चौघांच्या गटाने बनवलाय, २०१९ च्या सप्टेंबरमध्ये आला. तुम्ही एक पांढरं मोठं बदक, गूज जातीचं, आणि इंग्लंडमधलं एक नीटनेटकं शांत गाव. बदकाला करता काय येतं तर चालता, पळता, मान खाली घालता, पंख फडफडवता, चोचीत वस्तू धरता आणि ओरडता येतं. बस. ह्या एवढ्यावर त्या माळीबुवांच्या किल्ल्या पळवायच्या, त्यांचं दाताळं तळ्यात टाकायचं, शिंपणाच्या पाण्याने त्यांना भिजवायचं, मुलाला घाबरवून रस्त्यावरच्या टेलिफोन बूथमध्ये कोंडायचं. मारामारी नाही, रक्त नाही, बदकाला कोणी मारत नाही, फार तर हुसकावतात आणि हातातली वस्तू काढून घेतात. मग परत जायचं.

मला सगळ्यात जास्त आवडतं ते त्याचं संगीत. द्यबुसी नावाचा फ्रेंच संगीतकार होता त्याच्या पियानोच्या प्रेल्यूड्स घेतल्यात, पण त्या सलग वाजत नाहीत, तुकडे केलेत आणि बदक काय करतंय त्यावर तुकडे ठरतात. तुम्ही हळू हळू माळ्याच्या मागे सरकताय तर दोनच सूर टपकन पडतात, थांबतात. किल्ल्या उचलून पळालात की पियानोही पळतो. मी हेडफोन लावून कित्येकदा काहीही न करता नुसती तळ्यात पोहत बसते आणि अधूनमधून ओरडते, ओरडायला वेगळं बटण आहे आणि त्या बटणात जे सुख आहे ते दाबल्याशिवाय कळणार नाही.

एक सांगते, ह्यात कामांची यादी असते आणि कामाने दमलेल्या बाईला यादी बघून परत कामच वाटू शकतं. तर यादी उघडूच नका पहिले काही दिवस. गावात हिंडा, कोण काय करतं ते बघा, कोणाची चप्पल पळवता येते ते बघा, यादीतली निम्मी कामं आपसूक होतात. यादीच्या मागे लागून खेळणाऱ्यांना हा गेम दोन-तीन बैठकांत संपतो आणि मग ते म्हणतात लहान आहे. लहान आहेच, पण सावकाश खेळण्यासाठी आहे.

दोघींसाठी तर उत्तमच, २०२० मध्ये त्यांनी दोन बदकांचा खेळ फुकट वाढवून दिला. एकीने माळ्यासमोर ओरडत राहायचं आणि दुसरीने मागून टोपी पळवायची. मी आणि माझी आई असं खेळतो. आईला बटणं सगळी लक्षात राहत नाहीत, तिला मी एवढंच सांगितलंय की तू ओरडायचं आणि चोचीत धरायचं, बाकी चालायचं. तिचं बदक माझ्यापेक्षा जास्त गोंधळ घालतं. गेम हलका आहे, एक जीबीच्या आत उतरतो, तुमच्या नेटवर रात्री लावलात तर सकाळी तयार.

आणि मोठ्या बाईने काय खेळायचं म्हणणाऱ्यांचं. गणपतीत आमच्या वाडीत रात्र रात्र पत्ते चालतात, साठ-सत्तरीची माणसं मेंढीकोट खेळताना एकमेकांवर ओरडतात, अंगणात कॅरम लागतो, त्याला कोणी पोरखेळ म्हणत नाही. बाई दिवसभर राबून रात्री अर्धा तास स्वतःसाठी घेते आणि सासूबरोबर हसते, ह्यात कोणाला आक्षेप असेल तर त्या माणसाला बाजूला बसवा आणि दुसरं बदक द्या. मला ह्याचा खरंच राग येतो, बायकांच्या विश्रांतीचा हिशोब घरातली सगळी माणसं मागतात.

देवगडचो_खलाशी

मी हय मालवणीतच लिवतंय, समजून घेवा.

सध्या मासेमारीची बंदी चालू आसा, १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर सगळे किनाऱ्याक. जाळी शिवची, इंजिन खोलून साफ करूचा, रंग काढूचो, ह्या कामां दिवसभर चलतत. सांजचे आमी दोस्त एकाच्या घराक जमतो आणि ऑक्टोडॅड खेळतो. डॅडलिएस्ट कॅच नाव तेचा, २०१४ चो, शिकागोची यंग हॉर्सेस म्हणान कंपनी. पयलो ऑक्टोडॅड तेच्याय आदी पोरांनी कॉलेजात शिकताना केल्यानी होतो.

ह्येच्यात तुमी ऑक्टोपस. पण कोट-टाय घालून माणसासारखो रवता, लगीन झालला, दोन पोरां आसत, आणि घरात कोणाक कळता नये ह्यो बापूस ऑक्टोपस आसा. तेका हाडां नायत. एकेक पाय वेगळो उचलूचो, हात वेगळो हलवूचो. कॉफी करूक गेलो तर अर्धा स्वयंपाकघर खाली येता. दुकानात सामान आणूक गेलो तर केळ्याच्या सालीवरना घसरान सगळी रॅक आडवी. आमी चौघे खेळतो तेवा एकाकडे डावो पाय, एकाकडे उजवो पाय, दोगांकडे हात. एक म्हणता पुढे, दुसरो जाता मागे. हसान हसान डोळ्यांत पाणी येता.

ट्रॉलरार चार म्हयने एकमेकांवांगडा काढलेली माणसां आमी, थय एकाचो हात चुकलो तर दोर दुसऱ्याच्या पायात जाता, म्हणान बोलणां कमी, ओरडणां जास्त. हय तीच माणसां, तेच हात, पण चुकल्यार कोणाक काय होणा नाय. माका वाटता ह्यो खेळ आमका जास्त गरजेचो आसा. तांडेल, म्हणजे ट्रॉलरचो म्होरक्यो, आमचो वयान मोठो, तो पयलो नको म्हणा होतो, आता तोच उजवो पाय दुसऱ्याक देणा नाय.

वैनी, तुमका एकटीक शांत बसाक ह्यो नको, तेका बदकच बरा. पण घराक पावणे इले, पोरां जमली, तर ह्योच लावा. जुनो आणि हलको आसा, आमचोय लॅपटॉप काय मोठो नाय.

गुहागर_मास्तर

वरचं सगळं वाचून आनंद झाला पण एका गोष्टीवर जरा वेगळं मत मांडतो, कारण प्रश्न डोकं शांत करण्याचा आहे आणि सगळे धडपडे गेम त्यासाठी चालत नाहीत.

ह्या गेममध्ये मला दोन जाती दिसतात. एकीत धडपडणं हेच ध्येय, जशी बकरी. दुसरीत धडपडणं हा अडथळा असतो, म्हणजे गेमला तुमच्याकडून काहीतरी अचूक हवं असतं आणि मुद्दाम हातात निसरडं नियंत्रण दिलेलं असतं. आय ॲम फिश हा २०२१ चा गेम बघा, बॉसा स्टुडिओजचा. मासा काचेच्या गोल भांड्यात, ते भांडं घरंगळवत समुद्राकडे न्यायचं. दिसायला इतका गोड की कोणीही फसेल. पण भांडं फुटलं की मागच्या टप्प्यावरून परत, परत फुटलं की परत, आणि रात्री दहा वाजता माझ्यासारख्या माणसाचा जबडा आवळलेला असतो. गेम वाईट नाही, कारागिरी सुंदर आहे, पण तो सकाळी ताज्या डोक्याने खेळायचा. ऑक्टोडॅडही शेवटाकडे ह्याच जातीत जातो, विशेषतः जिथे लपूनछपून जायचं असतं तिथे. चार जण असतील तर हसण्यात निभावतं, एकट्याला त्रास होतो.

घेण्याआधी एवढंच बघावं की पडल्यावर काय होतं. पडल्यावर गेम तसाच पुढे चालू राहतो का तुम्हाला मागे नेऊन ठेवतो. मागे नेत असेल तर झोपेच्या आधी नको.

आता माझा लाडका गेम सांगतो, स्नेक पास. शेफील्डच्या सुमो डिजिटलचा, २०१७ चा. तुम्ही नूडल नावाचा साप. ह्यात उडी नाहीच, सापाला कुठून येणार. एक बटण पुढे सरकायचं, एक डोकं वर उचलायचं, एक अंग आवळून पकड घ्यायचं. सरळ रेषेत गेलात तर रखडता, डावी-उजवीकडे वळवळत गेलात तर वेग येतो. बांबूच्या खांबावर चढायचं तर स्वतःला वेढे घालत, शेपटीचं वजन सांभाळत जावं लागतं. आमच्या शाळेच्या मागच्या गडग्यावर धामण चढताना मी मुलांना दाखवली होती, ती अंग कसं टेकवते, कुठे आवळते, पुढचा भाग हवेत नेऊन आधार कसा शोधते, हे बघितलेल्या माणसाला तो गेम हातात आल्यावर लगेच ओळख पटते. बनवणाऱ्यांनी साप नीट बघितलाय. संगीत डेव्हिड वाईजचं, डाँकी काँग कंट्री ह्या जुन्या गेमचं संगीत करणारे, त्यानेच अर्धं मन निवतं.

ह्यातही खाली पडलं की मागे जावं लागतं, मान्य, माझ्याच नियमाच्या विरोधात बोलतोय असं वाटेल. पण पहिल्या काही पातळ्यांत खाली गवत नाहीतर पाणी असतं, तिथे नाणी गोळा करायच्या मागे न लागता एकाच खांबावर चढत-उतरत राहिलं तरी चालतं. मी तसाच खेळतो. श्वास आपोआप लांब होतो. तुमच्या लॅपटॉपवर मात्र तो अडकत चालेल, मी पुतण्याच्या स्विचवर, म्हणजे हातात धरायच्या गेमच्या यंत्रावर, खेळतो, गणपतीला मुंबईहून कोणी स्विच घेऊन आलं तर एकदा नक्की हातात घ्या.

खारेपाटण_बसस्टॉप

लॅपटॉप नसणाऱ्यांनी काय करायचं? माझ्याकडे फक्त मोबाईल, अँड्रॉइड, साधाच. एसटीची वाट बघत खेळायला पाहिजे काहीतरी.

चिपळूणचा_हार्डवेअरवाला

गोट सिम्युलेटर मोबाईलवरही आहे, २०१४ पासूनच, विकतचा आहे पण एकदा घेतला की झालं. लहान स्क्रीनवर दोन अंगठ्यांनी कॅमेरा फिरवायला जरा सवय लागते. फुकटात त्याच्या नावाने शंभर नकला दिसतील, दर मिनिटाला जाहिरात, त्या घेऊ नका, जाहिरातींनी असलेली शांतताही जाते. आणि जुने अँग्री बर्ड्स आठवतात का, २००९ चे फिनलंडच्या रोव्हिओचे, तेही ह्याच घराण्यातले, पक्षी सोडला की पुढचं सगळं फिजिक्सच्या हातात. स्टॉपवर पाच मिनिटं असतील तर त्याला तोड नाही, फक्त तो मूळचा गेम २०२३ मध्ये प्ले स्टोअरवरून काढला, आधीपासून फोनवर असेल तरच. बस आली की खिशात टाकता येतो, काही अर्धवट राहत नाही.

खाडीपलीकडची

बापरे, किती छान लिहिलंत सगळ्यांनी. बदक घेतलं. काल रात्रभर डाऊनलोड लावून ठेवलेला, मध्ये लाईट गेली तरी सकाळी जिथे थांबला तिथून पुढे उतरला. मास्तर, पडल्यावर काय होतं ते बघा हे तुमचं वाक्य मी लक्षात ठेवलंय, आय ॲम फिशचं चित्र बघून मी तोच घेणार होते. खलाशी भाऊ, ऑक्टोडॅड गणपतीसाठी राखून ठेवलाय, तेव्हा घरात पंधरा माणसं असतात. सुरंगी ताई, तुमचं ते हिशोब मागण्याचं वाक्य मी घरात वाचून दाखवलं. कोणी काही बोललं नाही पण दुसऱ्या दिवशी जेवणानंतरची भांडी मला न सांगता घासली गेली.

सासूबाईंनी दुसरं बदक घेतलं. त्यांना ती माळीबुवांची टोपी फार आवडलीय, परत परत तीच पळवायची असते. "सोड गो त्या किल्ल्या, आधी टोपी" असं चाललेलं. पण दोन अडचणी आल्यात. एक म्हणजे कीबोर्ड एकच, दोघींचे हात एकमेकींवर येतात, त्यांना बोटांनी त्या बारीक कळा दाबणं जमत नाही, संधिवात आहे. दुसरं म्हणजे गोट सिम्युलेटरमध्ये दोन भाग केले तर त्यांना गरगरायला लागलं, बदकाला तसं होत नाही. कंट्रोलर, म्हणजे दोन्ही हातांत धरून गेम खेळायचं ते बटणांचं साधन, घ्यावा का, कुठला, किती महाग?

दापोलीची_सुरंगी

गरगरण्याचं कारण कॅमेरा. बकरीच्या गेममध्ये कॅमेरा तिच्या पाठोपाठ फिरतो, ती गोल फिरली की सगळं जग फिरतं, आणि आपलं शरीर मात्र खुर्चीत बसलेलं, डोळे एक सांगतात आणि कानातला तोल दुसरंच सांगतो. बदकाच्या गेममध्ये कॅमेरा लांबून, जवळजवळ एका कोनातून बघतो, म्हणून त्रास होत नाही. बकरी खेळायचीच असेल तर सेटिंगमध्ये कॅमेऱ्याचा वेग कमी करा, खोलीतला दिवा चालू ठेवा, स्क्रीनपासून लांब बसा आणि मळमळलं की लगेच बंद, सहन करत बसायचं नाही, अजून वाढतं. त्यांना नुसतं बघायचं असेल तर स्क्रीन एकच ठेवा, दोन भागांत दोन कॅमेरे फिरतात ते जास्त बाधतं.

चिपळूणचा_हार्डवेअरवाला

कंट्रोलर घ्याच, संधिवातासाठी तर नक्की. यूएसबी वायरचा साधा घ्या, ब्लूटूथच्या भानगडीत पडू नका, चार्जिंग नको, जोडणी तुटणं नको. विंडोजवर लावला की लगेच ओळखला जाईल असा एक्सबॉक्स पद्धतीचा बघून घ्या, खोक्यावर एक्सइनपुट लिहिलेलं असतं. त्याच्यापेक्षा स्वस्तातले असतात ते काही गेमला दिसतच नाहीत. एकच घेतलात तरी पुरेल, सासूबाईंना कंट्रोलर आणि तुम्ही कीबोर्डवर, बदकाच्या गेममध्ये तसं चालतं.

दुकानात घेताना अंगठ्याने फिरवायच्या दोन्ही काड्या हलवून सोडून बघा, मधोमध परत यायला पाहिजेत. आपल्याकडच्या हवेत काड्यांच्या आत ओल आणि धूळ बसते, मग हात न लावता बदक आपलं आपण एका बाजूला चालायला लागतं. वापरून झाला की डब्यात ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाका, तुमच्या दुकानात औषधांच्या डब्यांतून हव्या तेवढ्या निघत असतील. तरी काडी सरकायला लागलीच तर स्टीमच्या कंट्रोलर सेटिंगमध्ये डेडझोन म्हणून आहे तो थोडा वाढवा, म्हणजे बारीक हालचाल मोजलीच जात नाही.

बोटांसाठी अजून एक. स्टीममध्ये बटणं बदलता येतात. सासूबाईंना लागणारी दोनच बटणं, चोचीत धरायचं आणि ओरडायचं, ती मागच्या मोठ्या ट्रिगरवर ठेवा, ती अंगठ्याशेजारच्या बोटाने दाबायची असतात, अंगठ्यावर जोर येत नाही. गेम उघडायच्या आधी हे करा. अडलं तर इथेच लिहा, मी स्क्रीनचे फोटो काढून टाकतो.

देवगडचो_खलाशी

दोन कंट्रोलर घेवा वैनी, एकान भागाचा नाय. गणपतीक पावणे इल्यार ऑक्टोडॅडाक लागतलेच.